बंद लोहमार्गाची दुसरी पाळी

अमेरिकेतलं लोहमार्गांचं जाळं १९१६ साली सर्वांत मोठं होतं. तेव्हा देशभरात चार लाख किलोमीटरांहून अधिक लांबीचे मार्ग होते. पुढे मोटारी आणि ट्रक वाढले, हमरस्ते झाले, खाणी आणि कारखाने बंद पडत गेले, रेल्वे कंपन्या एकमेकींत विलीन झाल्या आणि तोट्यातले फाटे एकामागून एक बंद होऊ लागले. आज त्या जाळ्यातला निम्म्याहून थोडा अधिक भाग तेवढा चालू आहे.

लोहमार्ग बंद झाला की कंपनी रूळ उचलून भंगारात विकते, स्लीपर काढून नेते. मागे उरते ती जेमतेम वीस-तीस मीटर रुंद आणि कित्येक किलोमीटर लांब अशी जमिनीची पट्टी. बहुतेकांना ती पडीक वाटते. शेजारचा शेतकरी आपलं कुंपण हळूच पुढे सरकवतो, भरावाची माती कुणी खणून नेतो, शहरातल्या तुकड्यावर गोदाम उभं राहतं, पूल पाडून त्याचं लोखंड विकलं जातं. अशा रीतीने पट्टी एकदा तुटली की ती पुन्हा जुळवणं जवळपास अशक्य असतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कंपनीने असंख्य जमीनमालकांशी व्यवहार करून, डोंगर फोडून, नद्यांवर पूल टाकून ती जुळवलेली असते. आजच्या भावाने आणि आजच्या दाटीत ते काम नव्याने कोण करणार?

बंद पडलेल्या लोहमार्गाची खरी संपत्ती ही सलगता आहे. रूळ पुन्हा टाकता येतात, स्टेशन पुन्हा बांधता येतं. हातची गेलेली सलग जमीन परत येत नाही. अमेरिकेत काही लोकांना हे वेळीच उमगलं. चालण्यासाठी आणि सायकलीसाठी वाट करून त्यांनी अशा पट्ट्या राखल्या. विस्कॉन्सिन राज्यातला एलरॉय ते स्पार्टा हा मार्ग १९६७ साली असा खुला झाला आणि त्या देशातल्या पहिल्या काही उदाहरणांत त्याची गणना होते. आज अशा वाटांची एकूण लांबी चाळीस हजार किलोमीटरांच्या पुढे गेली आहे. त्यांतली ग्रेट ॲलेगेनी पॅसेज ही वाट नीट पाहिली, तर हे काम कसं होतं, किती वर्षं खातं आणि शेवटी काय देतं ते सगळं कळतं.

एकाच खोऱ्यातले दोन मार्ग

पेनसिल्व्हेनियातलं पिट्सबर्ग आणि मेरिलँडमधलं कंबरलंड या दोन शहरांना जोडणारी ही वाट २४० किलोमीटर लांब आहे. ॲलेगेनी पर्वतरांग ओलांडून जाणारा हा रस्ता पूर्णपणे पायी चालणाऱ्यांचा आणि सायकलवाल्यांचा आहे. कंबरलंडला ती चेसापीक अँड ओहायो कालव्याच्या काठच्या वाटेला मिळते आणि ही दुसरी वाट पुढे २९७ किलोमीटर जाऊन वॉशिंग्टन शहरात पोहोचते.

या जोडणीमागे मोठा इतिहास आहे. पोटोमॅक नदीचं खोरं आणि पर्वतापलीकडचं ओहायोचं खोरं जलमार्गाने जोडावं, ही जॉर्ज वॉशिंग्टनची जुनी इच्छा होती. कालव्याच्या कामाचा मुहूर्त ४ जुलै १८२८ रोजी झाला आणि नेमक्या त्याच दिवशी बाल्टिमोरला ‘बाल्टिमोर अँड ओहायो’ या रेल्वेच्या कामाचाही मुहूर्त झाला. दोघांनाही पर्वतापलीकडे जायचं होतं. रेल्वे कंबरलंडला १८४२ साली पोहोचली, कालवा पोहोचायला १८५० उजाडलं. तोवर रेल्वेने बाजी मारलेली होती. कालवा कंबरलंडच्या पुढे कधीच गेला नाही आणि १९२४ च्या पुरानंतर तोही बंद पडला.

पुढे १९५४ साली या कालव्यावरून मोटाररस्ता काढण्याचा विचार जोरात होता आणि ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने त्याला अग्रलेखातून पाठिंबाही दिला होता. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी त्या संपादकांना आव्हान दिलं, की माझ्याबरोबर चला आणि आधी कालवा पाहा. मार्च महिन्यात ते कंबरलंडहून निघाले आणि सारा काठ तुडवत वॉशिंग्टनला आले. दैनिकाची भूमिका बदलली, रस्त्याचा बेत मागे पडला आणि १९७१ साली कालवा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान म्हणून जाहीर झाला. वॉशिंग्टन ते कंबरलंड हा अर्धा मार्ग अशा रीतीने आधीच वाचला होता.

उरलेल्या अर्ध्याची कथा वेस्टर्न मेरिलँड रेल्वेची आहे. ही कंपनी या खोऱ्यात उशिरा आली. तिने कंबरलंडपासून कॉनेल्सव्हिलपर्यंतचा मार्ग १९१२ साली पुरा केला, तेव्हा कॅसलमन आणि योकोगेनी या नद्यांच्या काठी बाल्टिमोर अँड ओहायोची गाडी कित्येक वर्षं धावत होती. नव्या कंपनीला बऱ्याच ठिकाणी नदीचा दुसरा काठ धरावा लागला. एकाच खोऱ्यात, एकमेकांना दिसतील असे दोन प्रतिस्पर्धी मार्ग झाले. दोन्ही कंपन्या १९७३ साली एकाच छत्राखाली आल्यावर मालकाला दोन मार्गांची गरज उरली नाही आणि १९७५ साली वेस्टर्न मेरिलँडचा मार्ग बंद झाला. आज त्या वाटेवरून चालताना नदीपलीकडे मालगाड्या जाताना दिसतात. तो टिकून राहिलेला जुना स्पर्धक.

आगगाडीने सोडलेला चढ

डोंगरातून जाणारी ही वाट पोरासोरांना आणि वयस्कांनाही झेपते, याचं श्रेय आगगाडीला आहे. पोलादी चाक पोलादी रुळावर फारच कमी घर्षणाने फिरतं. त्यामुळे सपाटीवर एक इंजिन प्रचंड ओझं ओढू शकतं. पण त्याच कारणाने चढ आला की त्याची पकड सुटू लागते. म्हणून लोहमार्ग आखणारे अभियंते चढ टाळण्यासाठी वाटेल तो खर्च करत. टेकडी आली तर ती कापायची, दरी आली तर भराव घालायचा किंवा पूल बांधायचा, आणि कुठूनच जमेना तर बोगदा खणायचा.

आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या लोहमार्गावर बोरघाटात १:३७ इतका कडक चढ आहे; तिथे गाड्यांना मागून जादा इंजिनं लावावी लागतात. वेस्टर्न मेरिलँडच्या आखणीत कंबरलंडकडून वर येतानाचा सर्वांत तीव्र चढ १:५७ च्या आसपास आहे. पिट्सबर्गकडून येताना तर तो १:१२५ च्या वर कुठेच जात नाही. कंबरलंडहून अवघ्या ३८ किलोमीटरांत सुमारे साडेपाचशे मीटर चढायचं असतं. पिट्सबर्गकडून जवळपास तेवढीच उंची गाठायला दोनशे किलोमीटर मिळतात. चढतो आहोत हे पायांना कळतसुद्धा नाही.

दोन्ही चढ ७२९ मीटर उंचीवर एकत्र येतात. इथे पूर्व अमेरिकेचा मोठा जलविभाजक आहे. इथून पश्चिमेला पडलेला पाऊस कॅसलमन, योकोगेनी, मोनोंगहेला, ओहायो आणि मिसिसिपी असा प्रवास करत मेक्सिकोच्या आखातात जातो. पूर्वेला पडलेला पाऊस पोटोमॅकमधून अटलांटिक महासागराला मिळतो. रस्त्याखालून जाणाऱ्या एका छोट्या भुयारी मार्गात ही जागा नकाशासह दाखवली आहे.

बोगदा, पूल आणि पाणी

जलविभाजकाच्या पूर्वेला थोड्याच अंतरावर बिग सॅव्हेज नावाचा बोगदा आहे, जवळजवळ एक किलोमीटर लांब. तो खणतानाच अभियंत्यांना डोंगरातल्या ढिल्या, पाझरत्या मातीने फार छळलं होतं. गाड्या थांबल्यावर देखभालही थांबली आणि पाण्याने आपलं काम सुरू केलं. अस्तरात झिरपलेलं पाणी थंडीत गोठतं, गोठताना फुगतं आणि भेगा रुंदावतं; उन्हाळ्यात वितळून आणखी आत शिरतं. वर्षानुवर्षं हे चाललं की काँक्रीटच्या ढलप्या सुटू लागतात, भिंती ढासळतात, तोंडाशी दरड येते. वाटेच्या कामाला लागलेल्या लोकांना बोगदा मिळाला तो या अवस्थेत.

त्याला वळसा घालून जाणं शक्य होतं, पण मग डोंगर चढून उतरावा लागला असता आणि आगगाडीने दिलेला सौम्य चढ हातचा गेला असता. म्हणून बोगदाच दुरुस्त करायचं ठरलं. भिंतींना आधार दिला गेला, पाण्याला बाहेर काढणाऱ्या नळ्या बसल्या, दिवे आले आणि दोन्ही तोंडांना मोठे दरवाजे लागले. साधारण डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत हे दरवाजे बंद असतात. गोठवणारी हवा आत शिरली नाही की पाणी गोठत नाही, आणि पाणी गोठलं नाही की भिंती टिकतात. त्या काही महिन्यांत सलग वाट तुटते, तरी हा नियम काटेकोरपणे पाळला जातो.

मायर्सडेल गावाजवळचा सॅलिसबरी पूल हा या वाटेवरचा दुसरा मोठा ऐवज. ५८२ मीटर लांब आणि दरीच्या तळापासून सुमारे ३१ मीटर उंच अशा या लोखंडी पुलाखालून कॅसलमन नदी, हमरस्ता आणि चालू लोहमार्ग अशा तिन्ही गोष्टी जातात. १९९८ साली तो पादचाऱ्यांना खुला झाला. गाड्यांचं वजन पेलण्यासाठी बांधलेल्या पुलाला माणसांचं आणि सायकलींचं ओझं जाणवतही नाही. वरचे स्लीपर काढून सपाट पृष्ठभाग आणि कठडे बसवले की काम भागतं. नवा पूल बांधायचा म्हटलं असतं तर या प्रकल्पाला ते कधीच परवडलं नसतं.

बाकीच्या मार्गावरचं काम दिसायला साधं, करायला चिकट. जुनी खडी सारखी करायची, भरावाखालच्या तुंबलेल्या मोऱ्या मोकळ्या करायच्या, बाजूचे चर पुन्हा खणायचे. मग चुनखडीचा बारीक चुरा तीन-एक मीटर रुंदीने पसरून रोलर फिरवायचा. पाऊस पडून हा चुरा बसला की सारवलेल्या अंगणासारखा घट्ट होतो. त्यावर सायकल घसरत नाही आणि डांबरापेक्षा तो पायांना मऊ लागतो. मोऱ्या मात्र दरवर्षी पाहाव्या लागतात. एक मोरी तुंबली तर एका मुसळधार पावसात भराव वाहून जातो आणि वाट तिथे संपते. ही देखरेख बहुतांशी स्थानिक स्वयंसेवक करतात.

सत्तावीस वर्षांची जुळवाजुळव

मार्ग बंद झाला तेव्हा तो वाचवणारा कुठलाही कायदा नव्हता. ‘वेस्टर्न पेनसिल्व्हेनिया कॉन्झर्व्हन्सी’ या निसर्गसंस्थेने योकोगेनीच्या काठचा मोठा तुकडा रेल्वेकडून विकत घेतला आणि राज्याच्या हवाली केला. फ्रँक लॉइड राइटचं धबधब्यावर बांधलेलं ‘फॉलिंगवॉटर’ हे जगप्रसिद्ध घर याच संस्थेच्या ताब्यात आहे आणि तेही याच परिसरात. ओहायोपाइल इथे चौदा-पंधरा किलोमीटरांचा पहिला टप्पा १९८६ साली खुला झाला.

पुढे प्रत्येक तालुक्यात, प्रत्येक खोऱ्यात वेगळी संस्था उभी राहिली आणि आपापल्या तुकड्यामागे लागली. कॉनेल्सव्हिलच्या पुढचा भाग वेस्टर्न मेरिलँडचा नव्हताच. तिथे पिट्सबर्ग अँड लेक एरी या दुसऱ्या रेल्वेचा बंद पडलेला मार्ग मिळवावा लागला. १९९५ साली सात संस्थांनी एकत्र येऊन ‘ॲलेगेनी ट्रेल अलायन्स’ स्थापन केली आणि सगळ्यांचा एकच नकाशा आणि एकच धोरण झालं. २००६ च्या अखेरीस वाट कंबरलंडला पोहोचली. पिट्सबर्ग शहरात वितळलेलं लोखंड भट्टीतून नदीपलीकडच्या पोलाद कारखान्यात नेणारा ‘हॉट मेटल ब्रिज’ २००७ साली सायकलींसाठी खुला झाला. शहराजवळचा शेवटचा दीड-दोन किलोमीटरांचा तुकडा सर्वांत चिवट ठरला. नदी, चालू लोहमार्ग आणि एक वॉटरपार्क यांच्या बेचक्यात जागा शोधावी लागली. जून २०१३ मध्ये तो पुरा झाला. पहिल्या टप्प्यापासून सत्तावीस वर्षांनी पिट्सबर्ग ते वॉशिंग्टन ही वाट सलग झाली.

हे सगळं तुकड्यातुकड्याने विकत घेत करावं लागलं, कारण असे मार्ग राखणारा कायदा येण्याच्या आठ वर्षं आधी हा मार्ग बंद पडला होता. तो कायदा १९८३ साली आला. त्यातली तरतूद समजून घेण्यासारखी आहे. रेल्वे कंपनीकडे जमिनीची पूर्ण मालकी असतेच असं नाही. पुष्कळ ठिकाणी तिला फक्त वहिवाटीचा हक्क असतो. गाडी कायमची बंद झाली की हा हक्क संपतो आणि जमीन मूळ मालकाच्या वारसांकडे जाते. या कायद्याने सांगितलं, की एखादी सरकारी यंत्रणा किंवा संस्था पट्टीची देखभाल, कर आणि अपघातांची जबाबदारी घ्यायला तयार असेल, तर तो मार्ग ‘कायमचा बंद’ धरला जाणार नाही. भविष्यात गाडीची गरज लागेल म्हणून तो राखून ठेवला जाईल आणि तोवर तिथे लोकांनी चालावं. रेल्वेला परत यायचं झालं तर वाट हटेल. मोजक्या ठिकाणी गाडी खरोखर परतलेलीही आहे.

शेजारच्या जमीनमालकांना हे पटणं कठीण होतं आणि त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. आजोबांनी गाडीसाठी दिलेली जमीन, गाडी गेल्यावर आपल्याला मिळायला हवी. परक्या माणसांनी आमच्या परसातून जावं, हे आम्ही का सोसायचं? व्हरमाँटमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली कायदा वैध ठरवला, पण त्याचबरोबर जमीन अडकलेल्या मालकाला भरपाईचा दावा करता येईल, असंही सांगितलं. वायोमिंगमधल्या वेगळ्या स्वरूपाच्या प्रकरणात २०१४ साली निकाल जमीनमालकाच्या बाजूने लागला. तिथे मार्ग राखून न ठेवता कायमचा बंद झालेला होता. दोन्ही निकाल एकत्र वाचले की स्पष्ट होतं : पट्टी राखायची तर ती वेळेवर आणि रीतसर राखली पाहिजे, आणि ज्याचा हक्क जातो त्याला मोबदला दिला पाहिजे.

या कायद्याचा मोठा लाभ मिसुरी राज्यातल्या केटी ट्रेलला झाला. मिसुरी-कॅन्सस-टेक्सास रेल्वेने १९८६ साली मार्ग सोडायचं ठरवलं. गुंतवणूक व्यवसायातले उद्योजक टेड जोन्स आणि त्यांच्या पत्नी पॅट यांनी मोठी देणगी दिली, राज्य सरकार पुढे आलं आणि पट्टी न तुटता हाती आली. आज ती सुमारे ३८५ किलोमीटर लांब आहे.

गावांची पाळी

ग्रेट ॲलेगेनी पॅसेजच्या काठची गावं कोळसा, कोक आणि पोलादावर जगलेली. कॉनेल्सव्हिलच्या भट्ट्यांमधला कोक पिट्सबर्गच्या कारखान्यांना जाई. पोलादाचा धंदा बसला तशी दुकानं बंद झाली, तरुण पोरं शहरांकडे गेली. वाट तयार झाल्यावर लांब पल्ल्याचे सायकलस्वार येऊ लागले. त्यांना मुक्काम लागतो, जेवण लागतं, पंक्चर काढायला माणूस लागतो. या संधीचा गावांना नीट उपयोग व्हावा म्हणून २००७ साली खास उपक्रम सुरू झाला आणि नव्या छोट्या व्यवसायांना कर्ज व सल्ला मिळू लागला. मायर्सडेलचं १९१२ सालचं स्टेशन तिथल्या इतिहासप्रेमींनी दुरुस्त केलं. आता तिथे संग्रहालय आणि प्रवाशांसाठी माहिती केंद्र आहे. २०१९ साली या वाटेमुळे परिसरात बारा कोटी डॉलरांहून अधिक उलाढाल झाल्याचं एका पाहणीत दिसलं. पोलादाच्या जमान्यातला रोजगार यातून भरून निघत नाही, तो भरून निघेल असं सांगणारे भाबडे ठरतील. पण ज्या गावात मुक्कामाची एकही जागा उरली नव्हती तिथे पुन्हा दिवे लागले, ही लहान गोष्ट नव्हे.

वाट आली म्हणजे गाडी गेलीच पाहिजे असंही नाही. फ्रॉस्टबर्ग ते कंबरलंड या टप्प्यात पर्यटकांसाठी चालणारी वेस्टर्न मेरिलँड सीनिक रेल्वे याच पट्टीवर धावते. तिथला ब्रश बोगदा तर गाडी आणि सायकलवाले दोघेही वापरतात. पट्टी पुरेशी रुंद राहिली म्हणून दोघांनाही जागा मिळाली.

हा अनुभव आपल्या उपयोगाचा आहे. विदर्भातली शकुंतला, म्हणजे मूर्तिजापूरहून यवतमाळला आणि अचलपूरला जाणारी कापसाच्या वाहतुकीसाठी घातलेली नॅरोगेज, थांबली आहे. तिथल्या लोकांना गाडी परत हवी आहे आणि ती मागणी रास्त आहे. गाडी येवो, ब्रॉडगेज होवो किंवा काही काळ चालण्या-सायकलीसाठी वाट होवो, त्यासाठी मूर्तिजापूरपासून दोन्ही टोकांपर्यंतची जमीन अखंड राहायला हवी. कुठलाही मार्ग थांबला की त्याची मोजणी करून सीमा नोंदवणं, पूल आणि मोऱ्या जागेवर राखणं आणि सगळी पट्टी एकाच जबाबदार हाती देणं, एवढी तीन कामं पहिल्या वर्षात व्हायला हवीत. काय उभारायचं हा निर्णय पुढच्या पिढीने घेतला तरी चालेल. जमीन राखण्याचं काम मात्र आजच्या पिढीलाच करावं लागतं.